सोळा तासांचा उपवास: यजमानांचे पोट उतरले, तुमच्या मांड्या का नाहीत?

तुम्ही कळवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. तुमचे वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर. यजमानांचे वय ४५, उंची १७२ सेंटिमीटर. इंदूरला सुदामानगरात तुमचे घर आहे. गेले तीन महिने दोघेही दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाता आणि उरलेले सोळा तास उपवास करता. यजमानांचे वजन ९० किलोवरून ८४ वर आले आणि कंबर १०४ सेंटिमीटरवरून ९७ झाली. तुमचे वजन ७० वरून जेमतेम ६८ झाले, कंबर ८८ वरून ८४ झाली, चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला, पण नितंब आणि मांड्या होत्या तशाच आहेत. शिवाय गेल्या दोन्ही वेळा पाळी चाळीस दिवसांवर गेली आणि केस विंचरताना मूठभर हातात येतात. तुमच्या शरीरातच काही दोष आहे का आणि उपवास वीस तासांचा करावा का, हे तुम्ही विचारले आहे. जाता जाता पीसीओडी असलेल्या १९ वर्षांच्या मुलीबद्दल आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या सासूबाईंबद्दलही विचारले आहे.

आधी निकालाचे सांगते. बांध्यात दोष नाही. उपवास वीस तासांचा मुळीच करू नका. उलट तो आजच कमी करा. लांबलेली पाळी आणि केसगळती यांची तपासणी मात्र या महिन्यातच करून घ्या, कारण त्या दोन गोष्टी वजनापेक्षा महत्त्वाच्या आहेत. असे का म्हणते, ते सविस्तर लिहिते. इंदूरमध्ये आहारसल्ला देण्याच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर मला असे दिसते की, पतिपत्नींनी एकत्र सुरू केलेला उपवास बहुतेक घरांत बायकोच्या निराशेवर येऊन थांबतो, आणि त्याचे कारण तिच्या निग्रहात नसते, दोघांना एकाच काट्यावर मोजण्यात असते.

प्रथम साधा हिशेब पाहू. काहीही न करता पडून राहिले तरी शरीराला रोज किती उष्मांक लागतात, हे वजन, उंची, वय आणि लिंग यांवरून काढण्याचे मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांचे सूत्र आम्ही रोज वापरतो. त्या सूत्राने यजमानांची पायाभूत गरज सुमारे १,६९५ उष्मांक येते आणि तुमची सुमारे १,२८५. म्हणजे हालचाल सुरू होण्याआधीच दोघांत चारशे उष्मांकांचे अंतर आहे. त्यातले बरेचसे उंची आणि वजनाचे आहे. पण वय, उंची, वजन सगळे सारखे धरले तरी हे सूत्र स्त्रीच्या खात्यात १६६ उष्मांक कमी धरते, कारण पुरुषाच्या शरीरात स्नायूंचा वाटा जास्त असतो. घरकाम, ऑफिस, थोडे चालणे धरून यजमानांचा दिवसाचा खर्च सुमारे २,३५० आणि तुमचा सुमारे १,८०० उष्मांक होईल. आता दोघांनीही रोज पाचशे उष्मांक कमी खाल्ले, तर त्यांच्या ताटात साडेअठराशे उरतात, तुमच्या ताटात तेराशे. साडेअठराशेत माणूस व्यवस्थित जेवतो. तेराशेत स्त्रीला प्रथिने, लोह, कॅल्शियम सगळे बसवायचे तर प्रत्येक घास विचारपूर्वक निवडावा लागतो, आणि जिला घरातल्या सर्वांना वाढून मग बसायचे असते, तिच्या वाट्याला तसे निवडलेले घास क्वचितच येतात.

त्यामुळे किलोची तुलना किलोशी करू नका. यजमानांनी मूळ वजनाच्या साडेसहा टक्क्यांहून थोडे अधिक गमावले, तुम्ही तीन टक्क्यांच्या आसपास. अंतर आहेच, पण सहा विरुद्ध दोन असे ऐकताना वाटते तेवढे ते नाही. दुसरे असे की, उपवासाच्या पहिल्या दोन आठवड्यांत जे वजन उतरते, त्यात यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आणि त्याबरोबर धरून ठेवलेले पाणी यांचा मोठा भाग असतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. ज्याचे स्नायू जास्त, त्याचे हे पाणीही जास्त उतरते. आणि तेवढ्या भागाला चरबी घटली असे म्हणता येत नाही.

आता बांध्याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. १९४७ मध्ये मार्सेय येथील फ्रेंच डॉक्टर जाँ व्हाग यांनी स्थूलतेचे दोन प्रकार पहिल्यांदा नीट वेगळे करून दाखवले. एकात चरबी पोटावर आणि वरच्या धडावर साठते, दुसऱ्यात ती नितंब आणि मांड्यांवर साठते. पहिला प्रकार पुरुषांत अधिक, दुसरा स्त्रियांत; आणि मधुमेह, हृदयविकार यांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी आहे, हेही त्यांनी मांडले. पुढे लोक यांना सफरचंदासारखा आणि नासपतीसारखा बांधा म्हणू लागले. तुमच्या कंबरेला नितंबांच्या मापाने भागले, म्हणजे ८४ भागिले १०८, तर ०.७८ येते, हा नासपतीचा बांधा आहे. यजमानांचा सफरचंदाचा.

या दोन ठिकाणच्या चरबीचा स्वभाव वेगळा आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती असलेली चरबी चटकन बाहेर पडते. जेवण लांबले की इन्सुलिन उतरते आणि अ‍ॅड्रिनलिनच्या वर्गातली संप्रेरके वाढतात. ही संप्रेरके चरबीच्या पेशीवर ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटतात, ते दोन प्रकारचे असतात: बीटा ग्राहक चरबी सोडायला लावतात, अल्फा-२ ग्राहक ती रोखून धरतात. पोटाच्या आतल्या पेशींवर सोडणाऱ्यांचे प्राबल्य असते. स्त्रियांच्या नितंबांवरच्या आणि मांड्यांवरच्या पेशींवर रोखणारे तुलनेने जास्त असतात, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्यांना बळ देते. त्या भागातला रक्तपुरवठाही तुलनेने संथ असतो, त्यामुळे सुटलेली चरबी तिथून वाहून नेण्याचा वेगही कमी पडतो. म्हणून सोळा तासांच्या त्याच उपवासात यजमानांचे शरीर पोटातून चरबी उचलते, आणि तुमचे शरीर आधी चेहरा, छाती, दंड आणि कंबर यांच्याकडे वळते, मांड्यांना शेवटी हात लावते.

ही चरबी निसर्गाने स्त्रीला दिली ती गर्भारपण आणि अंगावर पाजणे यांच्यासाठी. बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणाऱ्या काही मेदाम्लांचा साठा त्यात असतो, आणि बाळंतपणानंतर स्तन्यपान चालू असताना मांड्यांवरची हीच चरबी एरवीपेक्षा सहज सुटते, असे अभ्यासांत दिसले आहे. ज्या साठ्याची कुलपे शरीराने अशा खास कामासाठी लावली आहेत, तो नाश्ता टाळल्याने उघडेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय त्या साठ्यापासून अपायही कमी आहे. पोटाच्या आतली चरबी सुटली की ती थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळते, यकृत चरबीने भरते, इन्सुलिनला दाद देईनासे होते. मांड्यांवरची चरबी रक्तातला मेद आपल्याकडे ओढून सांभाळून ठेवते. म्हणून मी तुम्हाला मनापासून सांगते की, त्या मांड्यांवर रागावू नका. तुमच्या हृदयाच्या दृष्टीने त्या तुमच्या बाजूच्या आहेत.

लक्ष द्यायचे ते कंबरेकडे, आणि इथे तुमच्या नजरेतून एक गोष्ट निसटली आहे. तुमची कंबर चार सेंटिमीटरने उतरली आहे. दोन किलो वजनाबरोबर चार सेंटिमीटर कंबर जाणे याचा अर्थ तुमच्याही पोटातली चरबी हलली. आणि तीच हलणे आवश्यक होते. आपल्या लोकांसाठी स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानले जाते. पाश्चात्त्यांपेक्षा आपल्या मर्यादा कडक आहेत, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. जॉन युडकिन या दोघांचे मोजमाप २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली हाडे बारीक, स्नायू कमी, चरबीचा वाटा जास्त आणि तो पोटाकडे झुकलेला. काट्यावर फसगत होते ती यामुळे. यजमानांचे वजन भराभर उतरले तरी ९७ सेंटिमीटरची त्यांची कंबर अजून धोक्याच्या रेषेपलीकडेच आहे, आणि तुमची ८४ वरची कंबर ८० च्या पुष्कळ जवळ येऊन ठेपली आहे. पुढच्या काही महिन्यांत यजमानांचा वेगही मंदावेल, कारण पोटाच्या आतला सहज सुटणारा साठा संपत आला की त्यांच्याही शरीराला त्वचेखालच्या हट्टी चरबीकडे वळावे लागते. तेव्हा त्यांनी निराश होऊन उपवास लांबवू नये, हे आत्ताच सांगून ठेवा.

स्त्री आणि पुरुष यांच्यातला फरक संशोधनात किती दिसतो, हेही पाहू. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या दोन हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींना आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा एकच आहार दिलेला एक मोठा युरोपीय अभ्यास आहे. तो उपवासाचा नव्हता, पण आपल्या मुद्द्याला उपयोगी आहे. त्यात पुरुषांचे वजन स्त्रियांपेक्षा सुमारे १६ टक्के अधिक उतरले. स्त्रियांत मात्र स्नायूंसह चरबीविरहित भाग जास्त गेला. ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. स्त्रीकडे मुळात स्नायू कमी. त्यातले आणखी गेले, तर पायाभूत गरज आणखी घसरते आणि पुढचे प्रत्येक किलो अधिक कठीण होते. तुमचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो, केस जातात, या गोष्टी मला प्रथिनांच्या आणि लोहाच्या तुटवड्याकडे बोट दाखवणाऱ्या वाटतात. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. ज्या घरात पाळीतून दरमहा लोह जाते, त्या घरात बायकोचा नाश्ता बंद होणे आणि नवऱ्याचा बंद होणे या दोन सारख्या घटना नाहीत.

तुम्ही करता त्या घड्याळाच्या उपवासात, म्हणजे इंटरमिटंट फास्टिंगमध्ये, काही जादू आहे का, या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ११६ जणांना दोन गटांत विभागले. एका गटाने तुमच्यासारखेच दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात खाल्ले, दुसऱ्याने दिवसभरात तीन वेळा. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन ०.९४ किलोने आणि दुसऱ्याचे ०.६८ किलोने उतरले होते, फरक नगण्य. चीनमधल्या ग्वांगजौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या चाचणीत दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी दिले आणि एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायला सांगितले. त्या गटाचे ८ किलो, दुसऱ्याचे ६.३ किलो उतरले, आणि हाही फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने खात्रीचा ठरला नाही. तात्पर्य, उपवासाने वजन उतरते ते मुख्यतः त्यामुळे एकूण खाणे कमी होते म्हणून. वेळेची चौकट ज्याला खाणे आवरायला मदत करते, त्याला तिचा फायदा होतो. यजमानांचा नाश्ता म्हणजे छप्पन दुकानावरची कचोरी, वर जिलेबी आणि पोह्यांवर मूठभर शेव असेल, तर तो बंद होताच रोजचे पाचसहाशे उष्मांक गेले. तुमचा नाश्ता म्हणजे ओट्याशी उभ्याने खाल्लेले उरलेसुरले पोहे असतील, तर त्यातून गेले ते फारसे काही नाही.

आता पाळीचा विषय. स्त्रीच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग रोजच्या शिलकीचा अंदाज घेत असतो. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० उष्मांकांपेक्षा कमी ऊर्जा शरीराला मिळू लागली, तर बीजकोशांना चालना देणाऱ्या संप्रेरकाचे ठोके काही दिवसांतच विस्कळीत होतात, हे तरुण स्त्रियांवरच्या काटेकोर प्रयोगांत दिसले आहे. तुमचे चरबीविरहित वजन अंदाजे ४२ किलो धरले तर ही रेषा साडेबाराशे उष्मांकांच्या आसपास येते. सोळा तास उपवास, दोन जेवणे, त्यातले दुपारचे घाईचे, वर संध्याकाळी मेघदूत उपवनात तासभर झपाझप चालणे, आणि त्यात चतुर्थी-एकादशी आल्या, तर या रेषेच्या खाली जाणे सहज शक्य आहे. पुरुषाच्या शरीरात असा मासिक हिशेब नाही. दीर्घ उपवासात स्त्रियांची रक्तातली साखर पुरुषांपेक्षा अधिक उतरते, हेही जुने निरीक्षण आहे. सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरणे, चिडचिड होणे हे त्याचे रूप असू शकते.

तरीही पाळी लांबण्याचे सगळे खापर मी उपवासावर फोडणार नाही. ४२ व्या वर्षी गर्भधारणेची शक्यता आधी तपासून नाकारावी लागते, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहावे लागते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते, म्हणजे तुमच्या वयात तिची लय बदलू लागणे अस्वाभाविक नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटताना उपवासाची गोष्ट आवर्जून सांगा. पुष्कळ स्त्रिया ती सांगतच नाहीत. आणि ही लय बदलू लागली असेल तर बांध्याबद्दलही एक सावधगिरी लागते: इस्ट्रोजेन उतरू लागले की मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते, नासपतीचा बांधा हळूहळू सफरचंदाकडे सरकतो. पुढच्या पाच-सात वर्षांत वजन न वाढताही कंबर वाढू शकते, म्हणून महिन्यातून एकदा टेप लावणे तुमच्यासाठी काट्यापेक्षा महत्त्वाचे आहे. बेंबीच्या थोडे वर, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे.

माप आणि वजन दोन्ही पाळीनंतर पाच-सहा दिवसांनी घ्या. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीर पाणी धरून ठेवते, काहींचे वजन एक ते दोन किलो वाढलेले दिसते, आणि तीन महिन्यांत दोन किलो उतरलेल्या स्त्रीला तो आकडा पाहून सारे व्यर्थ गेले असे वाटते. कोणत्या दिवशी वजन केले हे तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित तुमचा खरा उतार दोन किलोपेक्षा अधिकही असेल.

तर करायचे काय? माझा सल्ला असा की, उपवास सोळावरून बारा-तेरा तासांवर आणावा आणि खाण्याची वेळ सकाळकडे सरकवावी: सकाळी साडेआठला पहिले खाणे, संध्याकाळी साडेसात-आठच्या आत शेवटचे. पाळी नियमित झाल्यावर दोन महिन्यांनी हवे तर चौदा तासांपर्यंत जावे, त्यापुढे नाही. आपल्या शहरात दिवेलागणीच्या आधी जेवणारी जैन कुटुंबे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या चौविहाराची वेळ शरीराच्या घड्याळाशी उत्तम जुळते, कारण सकाळी आणि दुपारी शरीर साखर जशी हाताळते, तशी रात्री हाताळत नाही. नाश्ता टाळून रात्री आठला भरपेट जेवणे हा या चौकटीचा सर्वांत कमजोर प्रकार आहे, आणि सोयीचा म्हणून तोच सर्वाधिक चालतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक खरोखर वाढते. त्या दिवसांत बारा तासांवरच थांबा, हे मी माझ्या कामातल्या अनुभवावरून सांगते.

नाश्त्यात प्रथिने असलीच पाहिजेत. पोहे खा, पण आपल्या इकडच्या पद्धतीने उसळ पोहे करा: वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यात तेवढेच पोहे, वर चमचाभरच शेव, आणि सोबत वाटीभर दही. मुगाचे धिरडे आणि पनीर, किंवा चालत असतील तर दोन अंडी, हेही चालेल. दिवसभरात ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हे तुमचे लक्ष्य असावे. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, मोठा पेला दूध म्हणजे ८, वाटीभर घट्ट वरण म्हणजे ६-७, अंडे म्हणजे ६, असा हिशेब धरला की लक्षात येते की नुसत्या पोळी-भाजीवर ते पुरे होत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास जोर लागेल असा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात लावून दंड काढणे. मांड्या आणि नितंब घट्ट दिसायला लागतात ते चरबी गेल्याने जितके, तितकेच खालचा स्नायू भरल्याने.

उपवासाच्या तासांत तुम्ही दोन-तीनदा चहा घेता, असे लिहिले आहे. दूध-साखरेचा एक कप ८० ते १०० उष्मांकांचा असतो आणि तो उपवास मोडतोच. तो बंद करा असे म्हणत नाही. तो खाण्याच्या वेळेत घ्या. आणि एकादशी-चतुर्थीबद्दल स्पष्टच लिहिते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या घरांत उगीच रुजलेली नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नसतात. वर दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. संकष्टीला दिवसभर कडकडीत उपाशी राहून चंद्रोदयानंतर रात्री साडेनऊला ताट वाढून घेणे, हे तुमच्या नव्या वेळापत्रकाच्या अगदी उलट आहे. श्रद्धा आहे म्हणून ती सोडावी असे मी सांगणार नाही. त्या दिवशी दुपारी दूध, फळ, भाजलेले शेंगदाणे, राजगिरा असे घेऊन संध्याकाळचे जेवण हलके ठेवा, आणि त्याच आठवड्यात आणखी लांब उपवास जोडू नका. सराफ्यातल्या खाऊगल्लीतली रात्रीची फेरी महिन्यातून एकदा असेल तर तिचा विचारही करू नका. दर शनिवारची असेल तर विचार करावा लागेल.

एक शक्यता इथेच नोंदवते. मांड्या आणि पोटऱ्यांची चरबी दोन्ही बाजूंना सारखी असेल, दाबल्यावर दुखत असेल, सहज काळेनिळे डाग पडत असतील आणि घोट्यापाशी ती एकदम थांबून पाऊल मात्र सडपातळ असेल, तर तो लिपीडिमा असू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले, तरी आजही पुष्कळांना तो माहीत नाही. तो जवळजवळ फक्त स्त्रियांत आढळतो आणि कितीही उपवास केले तरी त्या भागातली चरबी फारशी हटत नाही. अशा स्त्रिया वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात. लक्षणे जुळत असतील तर डॉक्टरांना पाय दाखवा.

मुलीची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे. पीसीओडीमध्ये पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, आणि तरुण मुलीतही चरबी पोटाकडे जाते. म्हणजे तिचा बांधा वडिलांच्या बाजूला झुकलेला असू शकतो, आणि वेळेची चौकट अशा शरीराला मानवण्याची शक्यता तुमच्यापेक्षा अधिक आहे. पीसीओडी असलेल्या थोड्या स्त्रियांवर झालेल्या छोट्या प्रयोगात सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात खाल्ल्यावर अनेकींची पाळी सुधारली. पण तो अल्पकाळाचा आणि तुलनेचा गट नसलेला प्रयोग होता, त्यावर भिस्त ठेवू नये. एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी मी बारा तासांची रात्र, वेळेवर नाश्ता आणि व्यायाम यांपलीकडे जाणार नाही. ती जेवण चुकवून मग खोलीत एकटीने भरमसाट खाते का, वजनाबद्दल सतत बोलते का, आरशासमोर रडते का, हे आधी पाहा. तसे असेल तर घड्याळाचा उपवास तिच्यासाठी निषिद्ध समजा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत आणि ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी खाल्ले असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. त्यामुळे ती घेऊन सोळा तास उपाशी राहिल्यास साखर ७० च्या खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी यांचा धोका आहे. त्यांनी तुमच्या बरोबरीने काहीही सुरू करू नये. सूर्यास्तानंतर तासाभरात जेवण आणि सकाळी आठला नाश्ता, एवढी बारा-साडेबारा तासांची रात्र त्यांना पुरेशी आहे, आणि तीही डॉक्टरांनी गोळीची मात्रा पाहिल्यावरच. पाळी थांबल्यानंतरच्या या वयात त्यांचे पोट सुटलेले असेल तरी स्नायू राखणे आधी येते, कारण पडून मांडीचे हाड मोडले तर उतरलेल्या दोन किलोंचा काही उपयोग नाही. त्या एकादशी करतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवशी गोळी घ्यायची, अर्धी घ्यायची की सोडायची, हे पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, ती चिठ्ठी औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि डब्यात ग्लुकोजची एक पुडी ठेवा.